बाबांना घेऊन स्कॉटलंड-आयर्लंड-वेल्स, बसने : सल्ला हवाय (वृत्तांत शेवटी जोडला आहे)

खिडकीजवळची · ८ फेब्रुवारी, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे वाचनमात्र असते, पण आता गरज पडली आहे.

बाबा ७१ वर्षांचे. ३१ वर्षं एसटीत ड्रायव्हर, त्यातली बरीचशी महाड आगारात. आई ६६, गुडघे जेमतेम. दोघांना एकदा परदेश दाखवायचा म्हणून मी स्वित्झर्लंड, दुबई, सिंगापूर सगळं पुढे करून पाहिलं. बाबा ढिम्म. मग एकदा टीव्हीवर कुठल्याशा कार्यक्रमात हिरवे डोंगर, खाली उतरलेले ढग, दगडी बांध आणि मधून वळत जाणारा रस्ता दिसला. "हे कुठलं रे? वरंध घाटासारखं दिसतंय," म्हणाले. तो स्कॉटलंड होता.

झालं. आता तिकडेच जायचं. माझा बेत गाडी भाड्याने घेण्याचा होता, पण त्यांची अट अशी : "बसने जायचं. मला कोणीतरी न्यायला पाहिजे. इतकी वर्षं मी लोकांना नेलं."

एक १३ रात्रींची कोच टूर बघून ठेवली आहे. एडिंबरोपासून सुरू, वर इन्व्हर्नेस, स्काय, ग्लेनको, मग बोटीने बेलफास्ट, आयर्लंडची पश्चिम किनारपट्टी, डब्लिन, परत बोटीने वेल्स. तीन देश म्हणजे फार होतील का? इथली मुंबई-पुण्याची कंपनी घ्यावी की तिकडची? व्हिसा एक की दोन? आणि आई अंडंही खात नाही, तिचं काय करू?

स्वतःचंस्टेअरिंग · ८ फेब्रुवारी, रात्री ११:०५

स्पष्ट बोलतो, हलके घ्या. कोच टूर म्हणजे मेंढरांचा कळप. सकाळी पावणेसातला बॅगा दाराबाहेर, आठला बस, अकराला फोटो, एकला सूप.

तिकडे गाडी आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालते, पर्यटकाला भारतीय लायसन्सवर चालवता येते. आयर्लंडात डिंगल द्वीपकल्पावर कॉनर पास नावाचा घाट आहे, तिथे कोचला बंदीच आहे. म्हणजे जे सर्वात सुंदर ते तुम्हाला दिसणारच नाही. बाबांना पुढच्या सीटवर बसवा, तुम्ही चालवा. तेही 'नेणं'च झालं की.

आज्जी_ऑन_टूर · ९ फेब्रुवारी, सकाळी ७:१५

स्टेअरिंगराव, तुमचं वय किती? चाळीस? मग ठीक आहे.

मी ६८ व्या वर्षी गेले, एकटी. एडिंबरोच्या चढावर बॅग ओढत हॉटेल शोधणं, पार्किंगची नाणी, रोज सकाळी 'आज कुठे' ही चर्चा, हे सगळं दुसऱ्या कोणाच्या तरी डोक्यावर असतं. त्याचेच पैसे मोजायचे. मुलगी गाडी चालवणार म्हणजे तिचे डोळे रस्त्यावर आणि आईबापांचे तिच्यावर. कोणीच काही बघत नाही.

खिडकीताई, एक गोष्ट मात्र करा. कंपनीच्या माहितीपत्रातली क्रियापदं नीट वाचा. 'आत जाऊन पाहणार', 'थांबून पाहणार' आणि 'बसमधून पाहणार' या तीन वेगळ्या वस्तू आहेत. आमच्या यादीत अकरा किल्ले होते, त्यातल्या दोनांत शिरलो. बाकीचे काचेतून, पाऊस पुसत पुसत. आणि 'ऑप्शनल' या शब्दाखाली पेन्सिलने रेघ मारा. तिथेच खिसा कापला जातो.

ग्लासगोकर · ९ फेब्रुवारी, दुपारी ३:३०

१४ वर्षं इथे आहे, म्हणून थोडं सांगतो.

ऑगस्टात येऊ नका. एडिंबरोत फेस्टिव्हल असतो, हॉटेलांचे भाव बघवत नाहीत, आणि हायलँड्समध्ये तेव्हा मिज नावाची चिलटं असतात. डोळ्यांना धड दिसत नाहीत, पण वारा पडला की ढगासारखी येतात आणि कानात, केसांत, बाहीत शिरतात. मे महिना उत्तम. चिलटं नुकती सुरू होतात आणि उजेड रात्री साडेनऊ-दहापर्यंत असतो. छत्री आणू नका, वारा दोन दिवसांत तिची काडी काडी करेल. टोपीचं जाकीट आणा.

बसमध्ये जागा रोज बदलतात, घड्याळाच्या काट्याप्रमाणे दोन ओळी पुढे. त्यामुळे बाबांना रोज पुढची जागा मिळणार नाही. बसमधलं स्वच्छतागृह अडीअडचणीपुरतं धरा. बाबांना एक गोष्ट मात्र नक्की सांगा, त्यांना आवडेल : इथे ड्रायव्हरने साडेचार तास चालवलं की ४५ मिनिटं थांबणं कायद्याने सक्तीचं आहे. दिवसाला ९ तास चालवणं, आठवड्यातून दोनदाच १० पर्यंत. गाडीत टॅकोग्राफ असतो, ड्रायव्हरचं स्वतःचं कार्ड त्यात घालायचं, आणि प्रत्येक मिनिट त्यात नोंदलं जातं. 'अजून जरा पुढे नेऊन सोडा' हा प्रकार चालत नाही. तेव्हा टूर मॅनेजर "आता इथे पाऊण तास" म्हणाला, तर तो तुमच्या कॉफीसाठी असेलच असं नाही.

स्कॉटिश नोटा इथल्या तीन बँका स्वतः छापतात. पौंडच आहेत, पण भारतात परत आणल्यात तर बदलताना नाकी नऊ येतील. इथेच संपवा.

डब्लिनची_वहिनी · ९ फेब्रुवारी, रात्री ११:५०

व्हिसाबद्दल. आयर्लंडचं प्रजासत्ताक हा वेगळा देश, उत्तर आयर्लंड ब्रिटनचा भाग. भारतीय पासपोर्टवाल्यांना कागदोपत्री दोन्हीकडचा व्हिसा लागतो, पण ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजनेत एकाच व्हिसावर दोन्हीकडे फिरता येतं. त्यावर तशी नोंद असायला हवी, आणि ज्या देशाने व्हिसा दिला तिथेच आधी उतरायला हवं. एडिंबरोपासून सुरुवात म्हणजे ब्रिटनचा व्हिसा आधी. अर्ज करताना कंपनीकडून आणि व्हिसा केंद्राकडून हे लेखी घ्या, कारण बेलफास्टहून खाली येताना सीमेवर कोणी विचारणारच नाही. चौकी नाही, फाटक नाही. वेगमर्यादेच्या पाट्या मैलांच्या किलोमीटर झाल्या की समजायचं, देश बदलला. न विचारलं म्हणजे चालतं असा अर्थ मात्र काढू नका.

आईंसाठी : जॅकेट पोटॅटो म्हणजे सालासकट भाजलेला मोठा बटाटा, वर बीन्स. हा खेडोपाडी मिळतो. भाज्यांचं सूप आणि सोडा ब्रेड मिळतो, पण सूप कशाच्या पाण्यात उकळलंय ते विचारा. सकाळी पॉरिज, म्हणजे ओट्सची लापशी. आणि हो, पेढे, बर्फी, तूप आणू नका, दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. भडंग, मेतकूट, चटण्या खुशाल आणा.

मालवणीकाप · १० फेब्रुवारी, सकाळी ९:००

डब्लिनाक जातास तर आमच्या वराडची ओळख सांगा! लिओ वराडकर दोनदा आयर्लंडचो पंतप्रधान झालो, बापूस आमच्या मालवण तालुक्यातल्या वराडचो. २०१९च्या डिसेंबरात गावाक येऊन गेलो तेव्हा सगळो गाव रस्त्यार होतो.

शब्दवेडा · १० फेब्रुवारी, संध्याकाळी ६:४०

अवांतर, पण राहवत नाही.

ज्यांना आपण सरसकट 'केल्टिक' म्हणतो त्यांचं नातं मुळात भाषेचं आहे. आयरिश, स्कॉटिश गेलिक आणि मांक्स ही एक शाखा, वेल्श, कॉर्निश आणि ब्रेटन ही दुसरी. आणि हे सगळे आपले लांबचे चुलत. आयरिशमध्ये तीन म्हणजे 'त्री', आठ म्हणजे 'ऑख्त'. राजा म्हणजे 'री'.

पण मला मजा वाटते ती वेगळीच. आयरिशमध्ये 'हो' आणि 'नाही' यांना सरळ शब्दच नाहीत. प्रश्नातलं क्रियापदच परत म्हणून उत्तर द्यायचं. 'पाहिलंस का?' 'पाहिलं.' आपल्याकडे नाही का, 'जेवलास?' 'जेवलो.' आणि भूक 'लागते' आपल्याला, तर त्यांच्या अंगावर असते : 'ता ओक्रस ओरम', माझ्यावर भूक आहे.

रस्त्यावरच्या पाट्या बघा. 'इन्व्हर' आणि 'अॅबर' म्हणजे नदीचं मुख. 'बॅली' म्हणजे वाडी-वस्ती. 'किल' बहुतेकदा चर्च. वेल्समध्ये रस्त्यावर मोठ्या अक्षरांत 'अराव' लिहिलेलं दिसेल, म्हणजे हळू. बाबांना हा एक वेल्श शब्द पुरेल.

दगडफोड्या · ११ फेब्रुवारी, दुपारी १२:१०

अजून एक अवांतर. जायंट्स कॉजवे यादीत आहे का ते बघा, आणि नसेल तर टूर बदला.

साधारण ४०,००० दगडी खांब, बहुतेक षट्कोनी, समुद्रात उतरत गेलेले. लाव्हा थंड होताना आकसतो, वरून तडे जातात, आणि ते तडे खाली खाली उतरत खांब होतात. चिखल वाळल्यावर पडणाऱ्या भेगांचंच हे भावंड. हा बेसाल्ट साधारण ६ कोटी वर्षांपूर्वीचा, अटलांटिक उघडत होता तेव्हाचा. आपल्या सह्याद्रीचा साडेसहा कोटींच्या आसपासचा. अंधेरीची गिल्बर्ट हिल हे असेच खांब, फक्त भोवती इमारती आणि पायथ्याशी पार्किंग. तिकडच्यांनी आपल्या खांबांना गोष्ट दिली : फिन मक्कूल नावाच्या राक्षसाने स्कॉटलंडच्या राक्षसाशी लढायला बांधलेला रस्ता. समुद्रापलीकडे स्टाफा बेटावर तसेच खांब आहेत, म्हणून गोष्ट जुळते.

स्वतःचंस्टेअरिंग · ११ फेब्रुवारी, दुपारी १:००

दगड, व्याकरण, वराड सगळं झालं. गाडीचा मुद्दा कोणी खोडला नाही याची नोंद घ्यावी.

आज्जी_ऑन_टूर · ११ फेब्रुवारी, दुपारी १:२०

घेतली. बसा.

खिडकीजवळची · १६ मे, इन्व्हर्नेसहून, मोबाईलवरून

सगळ्यांचे आभार. तिकडचीच कंपनी घेतली. बसमध्ये ४१ माणसं, बहुतेक ऑस्ट्रेलियन आणि कॅनेडियन निवृत्त जोडपी, आम्ही तिघं मराठी.

पहिल्याच दिवशी बाबा बसमध्ये चढले आणि जागेवर न बसता आधी मागे जाऊन टायर बघून आले. ड्रायव्हरने पाहिलं. मी मोडक्यातोडक्या शब्दांत सांगितलं की हे बस चालवायचे, डोंगरात. तो पन्नाशीतला, स्कॉटलंडमधल्याच फाइफचा माणूस. त्याने हात पुढे केला आणि काहीतरी म्हणाला, जे मलाही कळलं नाही. बाबा म्हणाले, "समजलं मला." काय समजलं ते सांगत नाहीत.

आज कलोडनला गेलो. १६ एप्रिल १७४६, सरकारी फौजेशी एक तासही न चाललेली लढाई, आणि हायलँडच्या कुळांचा शेवट. गवतात कुळांची नावं कोरलेले दगड. नंतर कायदा करून त्यांच्या टार्टन, म्हणजे चौकड्यांच्या कापडाच्या, पोशाखावरही बंदी घातली, ती १७८२ साली उठली. गाईड सांगत होती की हरलेल्या याच भागातल्या पोरांच्या इंग्रजांनी नंतर पलटणी केल्या. मी रात्री शोधून पाहिलं : १८०३ साली असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेसमोर इंग्रजांचा सेनापती वेलस्ली याच्याकडून ७४वी आणि ७८वी अशा दोन हायलँडर पलटणी होत्या. वेलस्ली स्वतः डब्लिनचा. म्हणजे त्या ओल्या माळावरचे दगड आणि जालन्याकडचं असई यांत फार तर दोन पिढ्यांचं अंतर. हे बाबांना सांगितलं तर म्हणाले, "पोटासाठी माणूस कुठेही जातो. मी पण महाडचा नव्हतोच."

खिडकीजवळची · २० मे, बेलफास्टहून

स्काय बेट म्हणजे पूल ओलांडून दीड तास. आज्जी, क्रियापद मीच नीट वाचलं नव्हतं.

ग्लेनको मात्र थांबून पाहिलं. दोन्हीकडून चढलेले काळे डोंगर, धबधब्यांच्या पांढऱ्या रेघा, आणि बाबा गप्प. १६९२च्या १३ फेब्रुवारीच्या पहाटे इथे सरकारी सैनिकांनी मॅकडोनल्ड लोकांना मारलं. जवळजवळ पंधरवडा त्यांच्याच घरात जेवून, झोपून. आईने ऐकलं आणि एवढंच म्हणाली, "खाल्ल्या घराचे वासे."

ग्लेनकोवरून खाली लॉक लोमंडच्या काठाने आलो. रस्त्याच्या वरच्या टप्प्यात डावीकडे तळं, उजवीकडे कातळ, आणि समोरून लाकडाच्या ओंडक्यांचा लांबलचक ट्रक. दोघेही थांबले. आरशांमध्ये दोन बोटांचं अंतर असेल. मागचे लोक फोन काढून उभे राहिले. आमचा ड्रायव्हर काच खाली करून ट्रकवाल्याशी चार शब्द बोलला, आणि मग ती पन्नास माणसांची गाडी मुंगीच्या चालीने तळ्याकडे सरकली. बाबांचा उजवा पाय पूर्ण वेळ जमिनीवर दाबलेला होता. सुटल्यावर त्यांनी डोक्यावरच्या रॅकवर दोनदा टकटक केलं. डबल बेल. ऑस्ट्रेलियन काकूंनी विचारलं म्हणून मी सांगितलं की आमच्याकडे कंडक्टर दोनदा घंटी मारतो, मग गाडी निघते.

त्या दिवसापासून प्रत्येक थांब्यावरून निघताना सगळी बस टकटक करते आहे. टूर मॅनेजरला आधी आवडलं नाही.

केर्नरायनला बोटीची रांग तासभर होती. ती गोष्ट नंतर सांगते, इथे नेट फारच हळू आहे.

स्वतःचंस्टेअरिंग · २० मे, रात्री ९:१५

वाचतोय. ट्रकवाला प्रसंग मला सांगायचा तर मी 'घाम फुटला' असं लिहिलं असतं. पुढे?

खिडकीजवळची · १ जून, पुण्याहून

आलो. उरलेलं लिहून टाकते.

बेलफास्टच्या भिंतींनी मला हलवलं. एका बाजूला कॅथलिक वस्ती, दुसऱ्या बाजूला प्रोटेस्टंट, मधे घरांच्या छपरांहून उंच भिंत, आणि तिच्यातली काही दारं आजही रात्री बंद होतात. दोन्ही बाजूंतला शांतता करार, गुड फ्रायडे करार, १९९८चा. आमची गाईड म्हणाली, भिंती पाडायच्या का हे शेजारीपाजारीच ठरवतात, आणि अजून ठरत नाही.

जायंट्स कॉजवे : दगडफोड्या, तुमचे उपकार. आई शटल बसने खालपर्यंत आली, एका षट्कोनावर बसली आणि म्हणाली, "पाट मांडल्यासारखे आहेत." तिला तिथून उठवायला वीस मिनिटं लागली.

मोहेरच्या कड्यांवर धुकं. २१४ मीटर उंच कडा, आम्ही पाहिला तो पांढरा पडदा. खालून लाटांचा आवाज आणि पक्ष्यांचा कलकलाट येत होता, बस. पन्नास मिनिटं पूर्ण झाल्यावर निघालो. स्वतःची गाडी असती तर दुपारपर्यंत थांबता आलं असतं. स्टेअरिंगराव, हा मुद्दा तुमचा, कबूल.

गॉलवेत मी थोडा वेळ एकटी फिरले. बेळगावच्या डॉ. सविता हलप्पनवार याच शहरात २०१२ साली, गर्भपात नाकारला गेल्यावर, वारल्या. त्यानंतर देशात जे उठलं ते २०१८च्या सार्वमतापर्यंत गेलं आणि गर्भपाताचा कायदा बदलला. कॅफेतल्या मुलीला मी भारतातून आले म्हटल्यावर तिने स्वतःहून ते नाव घेतलं, नीट उच्चार करून. पुढे काय बोलायचं ते दोघींनाही सुचलं नाही. कॉफीचे पैसे तिने घेतले नाहीत.

डब्लिनमध्ये ट्रिनिटी कॉलेजातलं बुक ऑफ केल्स, बायबलच्या भागांचं जुनं हस्तलिखित, घाईत पाहिलं. साधारण इसवी सन ८००च्या सुमाराचं, वासराच्या कातड्यावर लिहिलेलं. पानापेक्षा समोरच्यांची डोकी जास्त दिसली. वेल्सला बोटीने होलिहेडला उतरून कॉन्वी किल्ला पाहिला. तो सातशे वर्षांहून जुना, इंग्रज राजाने वेल्श लोकांच्या उरावर बांधलेला. पण तोपर्यंत सगळे थकले होते. तेरा रात्रींत तीन देश हे दोन रात्रींनी जास्त होतं किंवा एका देशाने. पुन्हा गेले तर वेल्स वेगळं ठेवीन. रस्त्यावर 'अराव' आलं की बाबा मोठ्याने वाचत होते, तेवढंच वेल्श.

आईचं खाणं निभावलं. चौथ्या दिवसानंतर जॅकेट पोटॅटोचं नाव काढलं तरी चिडायची. हॅगिस हा तिकडचा एरवी मांसाचा पदार्थ, पण शाकाहारीही मिळतं, ओट्स आणि डाळींचं. तिला ते 'बरं भरडलेलं थालीपीठ' वाटलं, आणि त्यावर तिने मेतकूट भुरभुरलं.

डब्लिनची_वहिनी · १ जून, रात्री ११:३०

गॉलवेचं वाचून थांबले. धन्यवाद लिहिल्याबद्दल.

आणि बोटीच्या रांगेचं काय झालं? ते राहिलं की.

खिडकीजवळची · २ जून, सकाळी ८:०५

हो. केर्नरायनला बंदरावर गाड्या ओळीने उभ्या होत्या. बस बंद, ड्रायव्हरची सक्तीची ४५ मिनिटं चालू. तो खाली उतरला, टॅकोग्राफमधून स्वतःचं कार्ड काढून बाबांना दाखवलं. दोघांनी ते उलटसुलट करून पाहिलं. बाबांनी पाकिटातून त्यांच्या जुन्या बिल्ल्याचा फोटो काढला. मग ड्रायव्हरने दार उघडून सीटकडे हात केला.

बाबा बसले. चावी नव्हती, इंजिन बंद. स्टेअरिंगला हात लावला नाही. आधी डावा आरसा बघितला, मग उजवा, मग हात वर करून आतला आरसा स्वतःच्या उंचीला वळवून घेतला. तसेच बसले थोडा वेळ, समोर पाणी. मग लक्षात आलं असावं, आरसा परत होता तसा लावला, दोनदा तपासला, आणि उतरले.

आज्जी_ऑन_टूर · २ जून, सकाळी ८:४०

डोळे पुसून विचारते : पुढच्या वर्षी बहिणीला घेऊन फक्त आयर्लंड करायचं म्हणतेय. रिंग ऑफ केरीला कुठल्या बाजूला बसू?

खिडकीजवळची · २ जून, सकाळी ९:१०

उजवीकडे. कोच तिथे उलट्या दिशेने फिरतात, घड्याळाच्या विरुद्ध, म्हणजे अरुंद जागी दोन बसगाड्या समोरासमोर येत नाहीत. समुद्र उजव्या हाताला राहतो. पण जागा रोज बदलतात, तेव्हा आदल्या दिवशीच मोजून ठेवा.